दोन सेकंद टोन, चार सेकंद शांतता

माणसं खोटं बोलतात, टोन बोलत नाही, यावर टोनसाहेबांची इतकी गाढ श्रद्धा होती की सख्ख्या भावाने फोनवर "मी मजेत आहे" म्हटलं तरी ते आधी लाइनची खरखर ऐकत आणि मग भावाचं कितपत खरं मानायचं ते ठरवत. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्टिंग रूममध्ये काढली होती. सकाळी कानाला हेडफोन लावायचा, संध्याकाळी काढायचा. एवढ्या काळात जगात काय काय उलथापालथ झाली ते त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. पण कोणत्या केबलमध्ये पाणी शिरलंय, कोणत्या खांबावरचा जोड सैल झालाय आणि कुणाच्या घरी रिसीव्हर नीट ठेवलेला नाही, हे ते नुसतं ऐकून सांगत. निवृत्तीच्या दिवशी हेडफोन खात्याकडे जमा झाला. कान मात्र त्यांच्याकडेच राहिले आणि त्या रिकाम्या कानांना काहीतरी उद्योग हवा होता.

टेस्टिंग रूमच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवून लावली होती. 'आधी आपलं यंत्र तपासा', एवढंच तिच्यावर लिहिलेलं होतं. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी त्या पाटीसमोर उभं करत आणि तीनदा वाचायला लावत. ही पाटी पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

कानांना लागणारा उद्योग इमारतीतल्या लोकांनी पुरवला. जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी कुणी मोबाइलवरून फोन लावला की टोनसाहेब हात पुढे करत. फोन कानाला लावून डोळे मिटत. चार क्षण सगळं शांत. मग निकाल येई : "हा इंटरनेटवरून चाललाय." ज्याने फोन लावला असे त्याला हे आधीच ठाऊक असे, कारण इंटरनेटचं बटण त्यानेच दाबलेलं असे. पण टोनसाहेबांचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा बघून तसं बोलून दाखवायला कुणाची जीभ रेटत नसे. इंटरनेटचा फोन म्हणजे फोनच नव्हे, हे त्यांचं मत ते न विचारता देत. खरा रिंगिंग टोन पलीकडच्या एक्स्चेंजमधून येतो, तारेतून प्रवास करून येतो, त्याला एक इमान असतं. इंटरनेटवाला टोन आपल्याच हातातलं यंत्र पोटातल्या पोटात तयार करतं आणि गिऱ्हाइकाची समजूत काढतं. "दोन्हींतला फरक मला झोपेतसुद्धा कळेल," असं ते म्हणत, आणि लोक मान डोलवत आपला फोन परत घेत.

त्यांच्या स्वतःच्या घरी अर्थातच खराखुरा फोन होता. बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या उंच स्टुलावर, मळकट पांढऱ्या रंगाचा. त्याच स्टुलावर लेक पाच वर्षांची असताना ते तिला बसवत आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावून विचारत, हा कोणता? एंगेज, रिंगिंग, डायल, ती पटापट सांगे. चुकली तर ते मुळीच सूट देत नसत. पुन्हा ऐक, म्हणत. आता लेक मोठी होऊन दहा तासांच्या आगगाडीच्या अंतरावर दुसऱ्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली होती. एका घरात दोन तपासनीस झाले याचा टोनसाहेबांना कोण अभिमान. दर रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ते तिला फोन करत. बरोबर दहाला सगळं जग फोन करतं आणि लाइन तुंबते, असा त्यांचा जुना हिशेब होता. या एका फोनापलीकडे त्या स्टुलावरच्या यंत्राला दुसरं काम उरलेलं नव्हतं. इतर सगळं बायकोच्या मोबाइलवर चाले.

ज्या रविवारी हे सगळं सुरू झालं त्या दिवशी त्यांना सर्दी होती. रुमाल धुऊन त्यांनी आतल्या खोलीत, शिवणयंत्रामागच्या टीव्हीच्या डब्यावर वाळत घातला. हा डबा कायम कोमट असे. त्याला हात लावायचा नाही, अशी बायकोची ताकीद होती, पण रुमाल वाळवणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. गुरुवारी दुपारी बायको त्या कोपऱ्यात बसून केसातल्या पिनेने काहीतरी टोचत होती. यंत्रात दोरा अडकला असेल म्हणून त्यांनी विचारलं नाही. तर रुमाल वाळत घालून ते बाहेर आले, दहा दहाला रिसीव्हर उचलला. डायल टोन जरा कोरडा वाटला. सर्दीने कान दडपलेत, असं म्हणून त्यांनी नंबर फिरवला.

आणि पलीकडे एकच लांबलचक टोन वाजला.

नेहमी वाजायचे दोन. जोडीने, मग थोडी उसंत, मग पुन्हा जोडीने. हा एकटाच वाजला आणि थांबला. टोनसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. दोन सेकंद टोन, चार सेकंद शांतता. पुन्हा दोन सेकंद टोन, चार सेकंद शांतता. असा रिंगिंग टोन या देशात कुठल्याच एक्स्चेंजला नव्हता, कधी नव्हताच. हा समुद्रापलीकडचा टोन होता. परदेशच्या ट्रंक लाइनी तपासताना त्यांनी तो शेकडो वेळा ऐकला होता. पलीकडे उचलल्याचा आवाज येणार एवढ्यात त्यांनी घाबरून रिसीव्हर ठेवून दिला.

मिनिटभरात बायकोचा मोबाइल वाजला. लेक विचारत होती, बाबांचा फोन कट कसा झाला? बायकोने तिला काय करतेस विचारलं. ती म्हणाली, कपडे धुतेय.

"कपडे धुतेय म्हणते," बायको म्हणाली.

"कोणत्या देशात?" टोनसाहेबांनी विचारलं.

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मग त्यांनी तिला समोर बसवून सगळं शास्त्र समजावून सांगितलं. रिंगिंग टोन कुठून येतो, का येतो आणि त्याला खोटं बोलायचं कारण का नसतं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या त्या बाईने टोनांवरची एवढी व्याख्यानं ऐकली होती की अलीकडे तिला टोन ऐकूच येत नसत. ती म्हणाली, पोरगी आत्ता बोलली ना माझ्याशी? मग झालं तर. टोनसाहेब म्हणाले, आवाजाचं काय घेऊन बसलीस, आवाज कुठूनही येतो. पण बोलताना त्यांचा स्वतःचाच आवाज कापत होता. पोरगी देश सोडून जाते आणि आईबापांना कपडे धुतेय म्हणून सांगते, याचा अर्थ काय? ती कुणाबरोबर गेली? आणि कुणी नेलं असेल तर?

त्या दिवशी त्यांनी बायको इकडेतिकडे झाली की आणखी सहा वेळा नंबर लावला आणि सहाही वेळा उचलायच्या आत ठेवून दिला. दोन सेकंद, चार सेकंद. एकदासुद्धा फरक नाही.

सोमवारी सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे विमावाले भेटले. विमावाले निवृत्त होते, पण संकटांवरचा त्यांचा जीव तसाच होता. टोनसाहेबांनी सहज म्हणून विषय काढला आणि विमावाल्यांनी त्यांना कोपर धरून मीटरच्या खोलीत नेलं. तिथे खालच्या आवाजात त्यांनी चार शक्यता मांडल्या. नोकरीचं आमिष दाखवून नेलं असेल. गुपचूप लग्न केलं असेल. पासपोर्ट काढून घेतला असेल आणि शेजारी कुणीतरी उभं राहून बोलायला लावत असेल. चौथी शक्यता सांगण्याआधी त्यांनी मीटरच्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि ती ऐकल्यावर टोनसाहेबांना तिथल्याच एका मोडक्या खुर्चीवर बसावं लागलं. "घाबरू नका हो," विमावाले म्हणाले, "मी फक्त सावध केलं."

समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंचा स्वभाव वेगळा. त्यांचा संकटांपेक्षा परीक्षेवर विश्वास. त्या म्हणाल्या, सरळ विचारलंत तर ती सरळ खोटं सांगेल, आडून प्रश्न विचारा. एका कागदावर त्यांनी पाच प्रश्न काढूनही दिले. संध्याकाळी टोनसाहेब बायकोच्या मोबाइलवर बोलायला बसले, कागद मांडीवर. पहिला प्रश्न : तुझ्याकडे किती वाजले? लेकीने क्षणात सांगितलं आणि ते घरातल्या घड्याळाशी तंतोतंत जुळलं. इतक्या पटकन कुणी वेळ सांगतं का? पाठ करून ठेवलं असणार. दुसरा प्रश्न : हवा कशी आहे? ती म्हणाली, ढगाळ आहे. टोनसाहेबांनी टीव्हीवर तिच्या शहराचं हवामान आधीच बघून ठेवलं होतं. आकाश निरभ्र. त्यांनी कागद मांडीवर उलटा केला. पोरगी दिवसभर तळघरातल्या प्रयोगशाळेत बसते आणि बाहेर ऊन आहे की ढग हे तिला कधीच ठाऊक नसतं, हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टी काळजीच्या वेळी कामाला येत नाहीत. उरलेले तीन प्रश्न विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही.

तिकडे लेकीने आईला वेगळं गाठून विचारलं, बाबा बरे आहेत ना? सारखे फोन लावतात आणि ठेवून देतात. आई म्हणाली, कान दडपलेत त्यांचे, सर्दी झालीय.

मंगळवारी टोनसाहेबांनी मेहुण्याला कामाला लावलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लेकीच्याच शहरात राहत होता. त्याचा वक्तशीरपणा हा एकच गुण टोनसाहेबांना मान्य होता आणि नेमका तोच आडवा आला. मंगळवारी जाऊन बघ म्हटल्यावर तो मंगळवारी दुपारी बाराला लेकीच्या खोलीवर जाऊन उभा राहिला. दुपारी बाराला नोकरी करणारी मुलगी खोलीवर कशी असेल, हा विचार त्याच्याही मनात आला नाही. दाराला कुलूप. घरमालकीण म्हणाली, हल्ली दिसत नाही बाई ती. लेक सकाळी सातला जाई आणि घरमालकीण नऊला उठे, त्यामुळे ती हल्लीच काय, कधीच दिसत नव्हती. पण मेहुण्याने निरोप पोचवला तो असा : खोलीला कुलूप, हल्ली कुणी पाहिलेलं नाही. टोनसाहेबांनी जेवण सोडलं. बायकोने ताबडतोब लेकीला फोन लावला, लेकीने उचलला, ती नेहमीसारखी बोलली. पण या वेळी बायकोही फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या मोबाइलकडे बघत राहिली.

बुधवारी सकाळी टोनसाहेब बायकोला भाजी आणायला जातो असं सांगून पोलीस चौकीत गेले. चौकीत लाकडी बाक, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि टेबलामागे एक जाडजूड, शांत हवालदार. हवालदाराने नोंदवही पुढे ओढली आणि विचारलं, कोण हरवलंय? मुलगी. कधीपासून संपर्क नाही? टोनसाहेब म्हणाले, संपर्क आहे, रोज बोलते. हवालदाराने पेन खाली ठेवलं. मग ती कुठे आहे म्हणते? खोलीवर आहे म्हणते. मग तक्रार काय आहे?

"टोन," टोनसाहेब म्हणाले.

पुढची वीस मिनिटं त्यांनी हवालदाराला दोन्ही टोन तोंडाने काढून दाखवले. देशातला जोडीचा, परदेशातला एकेरी. समजावं म्हणून दोनदा. बाकावर बसलेल्या, सायकल चोरीला गेलेल्या गृहस्थांनाही फरक पटला आणि त्यांनी तसं सांगितलं. हवालदार मात्र कायद्याचा माणूस. तो म्हणाला, आजोबा, मी वहीत काय लिहू? हरवलेली व्यक्ती रोज फोनवर बोलते आणि आपण हरवलो नाही असं सांगते, असं लिहू? आजोबा हा शब्द टोनसाहेबांना झोंबला, पण वेळ मानापमानाची नव्हती. शेवटी हवालदाराला त्यांची दया आली. टेलिफोनच्या ऑफिसातून लेखी आणा, तो म्हणाला, की हा टोन परदेशातला आहे. लेखी असलं की मी बघतो. आणि नोंदीला असावा म्हणून त्याने मुलीच्या प्रयोगशाळेचा नंबरही मागून घेतला. तो नंबर देताना आपण काय देतोय, हे टोनसाहेबांच्या लक्षात आलं नाही.

टेलिफोनचं ऑफिस म्हटल्यावर त्यांना जरा हुरूप आला. तिथे टोन तोंडाने काढून दाखवायची गरज नव्हती. ते त्यांचंच एक्स्चेंज होतं. पण निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते आणि आत पाऊल टाकल्यावर ते थबकलेच. जिथे छतापर्यंत तारांच्या चौकटी उभ्या असायच्या तिथे निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. टेस्टिंग रूमच्या जागी काचेचं काउंटर होतं. पाटी लावली होती त्या भिंतीवर टोकन द्यायचं यंत्र बसवलेलं होतं. त्यांनी टोकन घेतलं आणि बरोबर जिथे त्यांचं टेबल असायचं तिथे खुर्चीवर बसून नंबर येण्याची वाट बघू लागले.

काउंटरवरची मुलगी लेकीच्याच वयाची होती. तिने संगणकावर तक्रारींची यादी उघडली. टोन येत नाही, आवाज खरखरतो, बिल चुकलं, नाव बदलायचं. 'टोन परदेशातला येतो' असा प्रकार यादीत नव्हता. टोनसाहेब म्हणाले, मी याच इमारतीत चौतीस वर्षं टेस्टर होतो, माझा शब्द पुरे आहे, तुम्ही फक्त शिक्का मारा. मुलगी म्हणाली, नंबर सांगा आधी. त्यांनी सांगितला. तिने तो बघितला, मग पुन्हा बघितला.

"साहेब, हा नंबर आमच्याकडे नाही."

"नाही कसा? रविवारीच फोन केलाय मी त्याच्यावरून."

"केला असेल. पण तुमची तांब्याची लाइन दीड वर्षापूर्वी बंद झालीय. नंबर इंटरनेटच्या कंपनीकडे गेलाय. हा तुमचा अर्ज."

तिने पडदा त्यांच्याकडे फिरवला. अर्जाखाली त्यांचीच सही होती. तारीख बघून त्यांना आठवलं. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात बायकोने पुढे केलेल्या बारा-पंधरा कागदांवर त्यांनी न वाचता सह्या केल्या होत्या. पण हे शक्य नाही, असं ते म्हणाले. इंटरनेटचा फोन असता तर मी टोनवरून क्षणात ओळखला असता. मुलगी स्वभावाने चांगली होती, तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, "टोनवरून नाही ओळखता येत, साहेब. घरात एक डबा असतो. त्यात ज्या देशाचं सेटिंग टाकाल त्या देशाचा टोन तो वाजवतो. सेटिंग पुसलं गेलं की कारखान्यातून येताना असतो तो वाजतो. तुम्ही दुसरा कुठला नंबर लावून बघितलात का?"

चार दिवसांत टोनसाहेबांनी दुसरा एकही नंबर लावला नव्हता. समोर टोकनचं यंत्र होतं आणि त्यामागे, नवा रंग दिलेल्या भिंतीवर, पाटीच्या चार खिळ्यांच्या जागा अजून दिसत होत्या. मागच्या खुर्चीवरच्या बाईंचा नंबर लागला तेव्हा ते उठले.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि थेट गुडघ्यांवर बसले. ड्युटीवर असताना लाइन शोधायचे तशी त्यांनी वायर बोटांनी धरली आणि तिच्यामागे निघाले. स्टुलापासून भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीखालून आतल्या खोलीत, कपाटामागून, शिवणयंत्राच्या पायांमधून. ते ज्याला टीव्हीचा डबा समजत होते त्याच डब्यात वायर गेली. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते आणि त्यांवर त्यांचा रुमाल वाळत होता. दीड वर्ष ते त्या इंटरनेटवर रुमाल वाळवत होते.

बायको दारात उभी होती. तिने काहीच लपवलं नाही. ऑपरेशनच्या आठवड्यात फोन बंद पडला होता. तक्रार केली तर कंपनीने सांगितलं, तांब्याच्या तारा आता दुरुस्त होत नाहीत. "आणि तुम्ही शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंत ठाऊक आहे? घरी टोन येतो का. आता काय सांगायचं होतं मी?" मग लेकीने चार दिवस रजा काढली आणि डबा बसवून घेतला. पण त्यातून भलताच टोन येत होता. बाबा एका क्षणात ओळखतील, लेक म्हणाली. दोन दिवस ती त्या डब्यापाशी मांडी घालून बसली होती. आकडे बदलायची, रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायची, पुन्हा आकडे बदलायची. "मला विचारायची, आई, हा की तो? मला दोन्ही सारखेच." गुरुवारी बायकोच्या मोबाइलचं इंटरनेट बंद पडलं तेव्हा तिने डब्याच्या बारीक भोकात केसातली पिन दाबून धरली होती. तसं केलं की सुरू होतं, असं तिला कुणीसं सांगितलं होतं. सुरू झालंही. त्यासोबत काय काय पुसलं गेलं ते तिला काय कळणार.

टोनसाहेब जमिनीवरच बसून राहिले. डोळे मिटून रिसीव्हर कानाला लावणारी लेक त्यांना स्पष्ट दिसत होती. तिला तसं बसायला त्यांनीच शिकवलं होतं. आपण चार दिवस त्या पोरीवर पाळत ठेवली, याची त्यांना इतकी लाज वाटली की उठून पाणी प्यायचंही सुचेना.

तेवढ्यात बायकोच्या मोबाइलवर लेकीचा फोन आला आणि या गोष्टीत अजून काय उरलं होतं ते कळलं. हवालदार कर्तव्याला जागला होता. लेखी येण्याची वाट न बघता त्याने प्रयोगशाळेत फोन करून थेट तिच्या साहेबांना विचारलं होतं, तुमच्याकडची अमुक मुलगी देशात आहे का? साहेबांनी सगळ्यांसमोर तिला बोलावून घेतलं होतं आणि ती देशात असल्याची खात्री करून दिली होती. लेकीचा आवाज अगदी शांत होता, आणि तेच वाईट होतं. उद्या सकाळी पोचते, एवढं बोलून तिने फोन ठेवला.

ती सकाळी आली. पिशवी दारात ठेवून समोरच्या खुर्चीवर बसली. आईने चहा दिला तो तिने हातात धरून ठेवला. टोनसाहेबांनी रात्रभर लांबलचक बोलणं तयार केलं होतं, पण आधी बोलली ती लेक.

"बाबा, मला सरळ का नाही विचारलंत?"

"तू खरं सांगणार नाहीस असं वाटलं."

"म्हणजे मामाला विचारलंत, घरमालकिणीला विचारलंत, पोलिसांना विचारलंत. टोनला विचारलंत. मी तेवढी राहिले."

"चुकलं माझं," टोनसाहेब म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी एकदाही कुणाला म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने आलं.

लेक म्हणाली, "मीही खोटंच बोलले की दीड वर्ष. टोनबद्दल." तिने चहा प्यायला, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि आतल्या खोलीत डब्यापाशी मांडी घालून बसली. रुमाल उचलून तिने बापाच्या हातात दिला. तिच्याकडे एक जुनी वही होती, तिच्यात मागच्या वेळचे सगळे आकडे लिहून ठेवलेले होते. टोन किती, खंड किती, पुन्हा टोन किती. बघून बघून तिने ते भरले. मग बाहेर येऊन रिसीव्हर उचलला, स्वतःच्या मोबाइलचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर बापाच्या कानाला लावला.

"ऐका."

टोनसाहेबांनी डोळे मिटले. दोन टोन, जोडीने. उसंत. पुन्हा जोडीने. सर्दी गेली होती, कान लख्ख होते. आणि तिसऱ्या जोडीला त्यांना कळलं की चूक आहे. दोन टोनांमधला खंड हवा त्यापेक्षा कमी होता. अगदी केसभर, पण कमी. त्यांच्या टेस्टिंग रूममधून असा टोन कधी बाहेर जाऊ दिला नसता त्यांनी. आकडे तेच होते, म्हणजे ही चूक दीड वर्ष होती. दीड वर्ष दर रविवारी त्यांनी हाच टोन ऐकला होता आणि त्यांना ती एकदाही ऐकू आली नव्हती. कारण तेव्हा ते टोन ऐकतच नव्हते. ती कधी उचलते याची वाट बघत होते.

त्यांनी डोळे उघडले. लेक समोर उभी होती, श्वास रोखून, स्टुलावर बसायची तेव्हा निकालाची वाट बघायची तशीच.

"बरोबर आहे?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर," टोनसाहेब म्हणाले.

रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी फोन लावला. टोन वाजत राहिला, केसभर चुकीचा, आणि पाचव्या जोडीला तिने उचलला. बाबा, कपडे धुतेय, ती म्हणाली. त्यांनी कोणत्या देशात ते विचारलं नाही. हात ओले असतील तर पुसून घे, एवढंच म्हणाले, आणि ती हात पुसून येईपर्यंत रिसीव्हर कानाला लावून थांबून राहिले.